रबर खात्याचे मुकादम

"डोळा दाखव," म्हणत मुकादम समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने अलगद ओढत, आत डोकावत, आणि मगच बोलायला लागत. समोर कोण आहे याला काही महत्त्व नव्हतं. खात्यातला कामगार असो, पोस्टमन असो की चाळीत मतं मागायला आलेला उमेदवार असो, पापणी ओढली जाणार म्हणजे जाणारच. आत लाल दिसलं तर "बरं हाय" म्हणून पाठीवर थाप पडे. फिकट दिसलं तर ते काहीच बोलत नसत. त्यांच्या त्या गप्प बसण्याची लालबागमध्ये पुष्कळांना धास्ती वाटे.

एकाच गोष्टीचं वेड घेतलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि पुढे जातो. मला पुढे जाता आलं नाही, कारण माझं कामच रक्ताचं होतं.

परळच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत मी नोकरीला होते. राहायला गिरगावात, जाणं-येणं ट्रामने. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सकाळी घरातून निघताना आई विचारायची, "आज ट्राम आहेत ना?" आणि ते मला कधीच ठाऊक नसायचं. ट्राम नसल्या तर मी चालत जात असे. मुलीने दिवसभर परक्या माणसांची बोटं टोचत बसावं हे आईला पसंत नव्हतं, पण वडील गेल्यापासून घर माझ्या नोकरीवर चालत होतं, म्हणून ती फक्त संध्याकाळी बादलीभर गरम पाणी काढून ठेवायची.

एके दुपारी खिडकीशी एक उंच, काळासावळा माणूस येऊन उभा राहिला, तेच हे मुकादम. खांद्यावर दुसऱ्या माणसाचा हात घेऊन त्याला त्यांनी जवळजवळ उचलून आणलं होतं. त्या दुसऱ्याचं नाव गंगाराम. त्याच्या दोन्ही दंडांवर शाई सांडल्यासारखे निळे डाग होते आणि तो सारखा फडक्यात थुंकत होता. फडकं लाल झालेलं होतं.

"कुठे पडला का हा?" मी विचारलं.

"पडला नाय, बाई. उभ्या उभ्या झालंय. चाळीत म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय. मी म्हणतो बाहेरचं नाय, खात्यातलं हाय."

मी गंगारामचं बोट टोचलं. रक्त थांबेना. मी बोळा दाबून धरला आणि त्यांना म्हटलं, जरा धरा. ते आत आले, बोळा धरला आणि एकदम नाक वर करून हुंगू लागले. मग त्यांनी माझ्या टेबलावरच्या एका बाटलीकडे बोट केलं.

"हे तुमच्याकडं कशाला?"

मायक्रोस्कोपचं भिंग पुसायला मी बेंझॉल वापरत असे. काचपट्ट्यांच्या रंगाने बोटं निळी झाली की तीही त्यानेच पुसायची. साबणाने निघत नाही ते बेंझॉलने झटकन निघतं.

"बूच घट्ट लावा, बाई," ते म्हणाले. "आणि हात धुवायला घेऊ नका. मी पाया पडतो तुमच्या."

एक अनोळखी मुकादम मला माझ्या टेबलावर काय ठेवायचं ते शिकवतो म्हणून मला राग आला. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमचा डोळा बघू? मी हात लावत नाय. तुम्हीच खाली ओढा."

का कोण जाणे, मी पापणी ओढली. त्यांनी लांबूनच वाकून पाहिलं.

"बरं हाय अजून," ते म्हणाले.

गंगारामच्या रक्ताची काचपट्टी आमच्या डॉक्टरांनी स्वतः पाहिली. डॉक्टर वयस्क होते, तापट होते, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला की कुणी हाक मारलेली त्यांना खपत नसे. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाले, "मुली, त्या मुकादमाला आत बोलाव."

मुकादम उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं, तेव्हा ते स्टुलाच्या अगदी कडेला टेकले. लालबागच्या एका आडगल्लीत रबरी कापडाचा कारखाना होता, तिथे लढाई संपल्यापासून ते कामाला होते. रबराचा लगदा बेंझॉलमध्ये विरघळवायचा, त्याचं दाट सोलूशन करायचं, ते यंत्राच्या पात्याने कापडावर पसरायचं, आणि ते कापड तापलेल्या पत्र्यावरून ओढून घ्यायचं. बेंझॉल उडून जाई आणि कापडावर रबर उरे. त्याचे रेनकोट होत.

"उडून जातं म्हणजे कुठे जातं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्यात," मुकादम म्हणाले.

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. मुकादम सांगत गेले. याच्या आधी त्याच यंत्रावरचे दोघे असेच गेले होते. एकाला कावीळ झाली म्हणाले, दुसरा गावाला गेला तो परत आलाच नाही. दोघांच्याही अंगावर असेच डाग होते. दोघांचेही डोळे आधी पांढरे पडले होते. मुकादमांनी ते पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. तेव्हापासून त्यांनी खात्यातल्या प्रत्येकाची पापणी ओढून बघायला सुरुवात केली होती. कुणी त्यांना ते शिकवलेलं नव्हतं.

"गंगारामला रक्ताचा कर्करोग आहे," डॉक्टर म्हणाले. "बेंझॉलची वाफ हाडातल्या मगजाला मारते आणि रक्त तिथेच तयार होतं. त्यामुळेच झालं असावं अशी मला शंका आहे. पण माझ्या शंकेवर तुमचा कारखाना हलणार नाही. पुरावा लागेल."

"पुरावा म्हणजे काय असतं ते सांगा," मुकादम म्हणाले. "मी आणतो."

गंगाराम तीन आठवडे वॉर्डात होता. त्याच्या अंगाखाली रबरी कापड घातलेलं होतं, चादर खराब होऊ नये म्हणून. मुकादम रोज पाळी सुटली की येऊन बसत. एकदा त्यांनी त्या कापडाची कड उलटून पाहिली. "आमच्याच यंत्रावरचं हाय," ते म्हणाले. "ही कड गंगाराम लावायचा. सरळ यायची त्याची कड." गंगाराम तेव्हा शुद्धीवर नव्हता.

तो गेला त्या दिवशी मुकादम आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. मी त्यांना पाणी दिलं. ते पाण्याकडे न बघता म्हणाले, "हात धुवायला मी शिकवलं त्याला. रबर चिकटतं, साबणानं निघत नाय. नवा होता, चोळत बसायचा. मी म्हटलं, येडा का काय, बेंझॉलमध्ये बुडव. डोकं गरगरायला लागलं की आम्ही हसायचो. फुकटची दारू म्हणायचो. गावातनं मीच आणला होता त्याला."

मी त्यांच्या निम्म्या वयाची होते. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले, एवढंच.

डॉक्टरांनी पुरावा म्हणजे काय ते सांगितलं. खात्यातल्या प्रत्येक माणसाचं रक्त दर महिन्याला तपासायचं. आणि त्याच वस्तीतल्या, तेच अन्न खाणाऱ्या, पण त्या खात्यात काम न करणाऱ्या माणसांचंही तपासायचं. दोन्हींचे आकडे समोरासमोर ठेवायचे. मला वाटलं, हे काही व्हायचं नाही. कामगारांना सुईची भीती, त्याहून नोकरी जाण्याची भीती.

पुढच्या रविवारी मुकादमांनी मला त्यांच्या चाळीत बोलावलं. मी पेटी घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांनी एक टेबल मांडून ठेवलं होतं आणि खात्यातली बावीसच्या बावीस माणसं जिन्यापर्यंत रांगेत उभी होती.

"माझं आधी," ते म्हणाले आणि बोट पुढे केलं.

रांगेत धोंडू नावाचा एक दांडगा माणूस होता. मालवणकडचा. सुई पाहिल्यावर तो जो पळाला तो थेट चाळीच्या गच्चीवर. मुकादम वर गेले. वरून धोंडूचा आवाज आला, "माका चक्कर येता, मुकादम." "बसून दे मग. मी धरतो." ते धोंडूला हाताला धरून खाली घेऊन आले. त्याने डोळे घट्ट मिटून बोट दिलं आणि टोचून झाल्यावरही मिटलेलेच ठेवले. "झालं?" "झालं कधीच." बायका हसू लागल्या, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

मला नंतर कळलं की हाच धोंडू खात्यात मुकादमांच्या माठातलं पाणी पीत नसे. मुकादमांच्या वडिलांना गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कधीच घेतलं नाही. विणताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांचं तोंड इतरांना चालत नसे. म्हणून ज्या खात्यात कुणी जायला तयार नव्हतं तिथे ही माणसं गेली. मुकादमांनी नुकतीच दीक्षा घेतली होती. घरात देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर होती, खाली स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं. या सगळ्याबद्दल ते एकदाच बोलले, तेही हसत. "बेंझॉलला जात कळत नाय, बाई. तेवडं एक बरं हाय त्याचं."

दुसऱ्या बाजूची माणसं म्हणून त्यांनी कोपऱ्यावर मसाला कांडणाऱ्या बायका आणल्या. त्या दिवसभर मिरचीच्या खकाण्यात उभ्या असत. मला वाटलं होतं त्यांचं रक्त वाईट निघेल. निघालं उत्तम. "मिरची नाकाला सांगून येते," मुकादम म्हणाले. "माणूस तोंड फिरवतो. हे गोड वासानं येतं."

सगळं आटोपल्यावर त्यांच्या बायकोने दारातून त्यांच्याकडे पाहिलं. आपल्या घरचा चहा या बाईला चालेल का, असं ते पाहणं होतं; मी ते ओळखलं आणि म्हणाले, "वहिनी, चहा मिळेल का?" त्यांनी चहा आणला. पण कप ठेवताना स्पष्टच बोलल्या, "तुमच्या डॉक्टरांना सांगा, आधी यांचं बघा. हे सगळ्यांचं बघत फिरतात."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बावीस जणांत सगळ्यात कमी रक्त मुकादमांचंच होतं.

डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. "उद्यापासून त्या खात्यात पाऊल टाकायचं नाही. मालाच्या बांधणीच्या खात्यात बदली मागा. मी चिठ्ठी देतो."

मुकादमांनी चिठ्ठी घेतली, घडी केली, खिशात ठेवली. "आणि माझ्या जागी?"

"दुसरा येईल."

"त्याचं रक्त लाल असेल," मुकादम म्हणाले. "आणि तो रांग लावणार नाय."

डॉक्टर ओरडले. मीही बोलले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी ते त्याच खात्यात गेले. मी पुढे पुष्कळ वर्षं या गोष्टीचा विचार केला. त्यांना थांबवायला हवं होतं असं मला आजही वाटतं. त्यांना थांबवणं शक्य होतं का, ते मला सांगता येत नाही.

काही महिन्यांनी एकदा ते म्हणाले, "बाई, मला माझं रक्त बघू द्या." मी काचपट्टी लावून दिली. ते भिंगावर वाकले.

"एवडी माणसं आत कामाला?"

मी हसले. लाल पेशी काय करतात, पांढऱ्या काय करतात ते सांगितलं. पांढऱ्या म्हणजे पहारेकरी.

"पहारेकरी दिसत नायत."

"कमी आहेत," मी म्हणाले.

ते आणखी थोडा वेळ बघत राहिले. "पण बाकीचे बघा की. पहारा नाय तरी कामावर आलेत." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. स्वतःच्या मरणाची खूण समोर असताना त्यांना त्या पेशींचंच कौतुक वाटलं.

डॉक्टरांनी सहा महिन्यांचे आकडे कारखान्याच्या मॅनेजरकडे पाठवले. उत्तर आलं की ही माणसं अर्धपोटी असतात, त्यांच्या पोटात जंत असतात, रक्त कमी असणारच. खात्याशी त्याचा संबंध नाही. मुकादमांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे पोटभर खाल्लं की रक्त वाढलं पायजे आणि उपास पडला की कमी झालं पायजे," ते म्हणाले. "असंच म्हणतोय ना तो?"

"असंच."

"बरं."

तेव्हा ते वाक्य त्यांनी कशाला पक्कं करून घेतलं ते मला कळलं नाही.

शहर तर पेटलेलंच होतं. हरताळ, प्रभातफेऱ्या, सभा. मुकादम प्रत्येक सभेला जात, खात्यातल्यांना घेऊन जात. शिवाजी पार्कच्या एका सभेला मीही मैत्रिणींबरोबर गेले होते. वक्ते यायचे होते, लोक उन्हात बसले होते. पाहते तर मुकादम आपल्या माणसांच्या ओळीतून पापण्या ओढत चालले आहेत. उन्हात रंग नीट कळतो असं त्यांचं म्हणणं. ओळ संपली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि त्यांनी एका अनोळखी पगडीवाल्या म्हाताऱ्याची पापणी धरली.

"अहो, हे काय? कोण तुम्ही? समितीचे का?"

"नाय आजोबा, रबराचा," मुकादम म्हणाले. "तुमचं बरं हाय. बसा."

एका हरताळात रबर खात्यासकट सगळा कारखाना बाहेर पडला. चिडून मालकांनी फाटकाला टाळं ठोकलं. ते पाच-सहा आठवडे उघडलं नाही. चाळीत चुली दिवसातून एकदाच पेटायला लागल्या. कुणी गावाला निघून गेलं, कुणी भाजीची पाटी घेतली. रविवारची रांग आपोआपच बंद पडली.

आणि एका सकाळी मुकादम इस्पितळात हजर. चेहरा उतरलेला, गालफडं वर आलेली, पण डोळे चमकत होते.

"बाई, पेटी घ्या. आताच्या आता चला. माणसं लाल झालीत."

"काय झालीत?"

"लाल! टाळं लागल्यापासनं रोज बघतोय. धोंडूच्या पोटात दोन दिस धड अन्न नाय आणि पापणी बघा त्याची. जासवंद."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खुर्चीतून उठले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःहून कुठे जाताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते आपली टोपी घालून आमच्याबरोबर लालबागला आले. चाळीच्या जिन्यावर त्यांना धाप लागली, तेव्हा धोंडूने त्यांना हात दिला.

जी माणसं मुंबईत होती त्यांचं रक्त मी त्या दिवशी घेतलं. गावाला गेलेल्यांना मुकादमांनी निरोप धाडले, तेही आठवड्याभरात आले. मी रात्रंदिवस नव्हे, पण जेवण विसरून मोजत होते. एक, दुसरं, तिसरं. चढलेलंच. उपाशी माणसांचं रक्त वाढलं होतं. अन्न कमी झालं होतं आणि बेंझॉल बंद झालं होतं, आणि रक्ताने आपला निकाल दिला होता. मॅनेजरच्या पत्राला यापेक्षा सरळ उत्तर जगातल्या कुठल्याही ग्रंथात सापडलं नसतं. ते उत्तर सही करायलाही न शिकलेल्या एका माणसाने पापण्या बघून शोधून काढलं होतं. डॉक्टर कागद हातात धरून खिडकीशी उभे राहिले. "मी हे पुस्तकात वाचलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "यांनी ते पाहिलं."

बावीसांतल्या एकवीस जणांचं रक्त चढलं होतं. एकाचं नव्हतं.

ते मी मुकादमांना कसं सांगावं याचा विचार करत होते, तर तेच समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझं?"

मी खरं सांगितलं. चढलं नव्हतं. उलट थोडं उतरलं होतं, आणि पेशींत काही नव्या, कच्च्या पेशी दिसू लागल्या होत्या. तशाच मी गंगारामच्या काचपट्टीवर पाहिल्या होत्या.

ते म्हणाले, "पण बाकी एकवीसांचं पक्कं ना? माझ्यामुळं त्यांचं खोटं नाय ना ठरत?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांचं पक्कं आहे."

"मग झालं," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले.

डॉक्टरांनी ते आकडे सरकारकडे पाठवले, आणि कारखाना उघडला त्यानंतर सरकारी निरीक्षक आले. मॅनेजर, डॉक्टर, मुकादम, सगळे खात्यात जमले. मीही कागद घेऊन गेले होते. ते खातं मी पहिल्यांदा पाहिलं. छप्पर ठेंगणं, खिडक्या धुळीने बंद, आणि सगळीकडे तो वास. खरंच गोड होता तो. लग्नघरात शिरल्यासारखं वाटलं आणि दोन मिनिटांत डोकं हलकं झालं.

निरीक्षकांनी मुकादमांना विचारलं, "तुमची तक्रार काय आहे?"

"साहेब, आधी डोळा दाखवा," मुकादम म्हणाले.

मॅनेजर दचकला. पण निरीक्षक भला माणूस असावा. त्याने चष्मा काढला आणि पापणी ओढून दाखवली. मुकादमांनी पाहिली. मग स्वतःची पापणी ओढून त्याच्यासमोर धरली. कागदासारखी पांढरी होती. "एवडीच तक्रार हाय," ते म्हणाले.

निरीक्षकांनी डॉक्टरांना विचारलं, या माणसाला हे बेंझॉलमुळेच झालं असं तुम्ही शपथेवर सांगाल का? डॉक्टर म्हणाले, "या एका माणसाचं सांगता येणार नाही. या खात्याचं सांगतो."

पुढच्या काही महिन्यांत यंत्रावर पत्र्याची टोपडी बसली, वाफ ओढून छपराबाहेर टाकणारे पंखे बसले, आणि बेंझॉल जाऊन त्याच्या जागी दुसरं एक द्रावण आलं. त्याला घासलेटसारखा घाणेरडा वास होता. कामगार कुरकुरू लागले तेव्हा मुकादम म्हणाले, "नाकाला लागतोय ना? मग चांगला हाय." ते आता बांधणीच्या खात्यात होते, पण दिवसातून दोनदा रबर खात्यात चक्कर मारून नवं पिंप हुंगून येत.

त्यांचा आजार हळूहळू चढला. दोन वर्षं गेली. आधी जिना चढवेना, मग ताप यायला लागला, मग दंडावर डाग उठले. ते वॉर्डात दाखल झाले तेव्हा मुंबईसह महाराष्ट्र होणार हे ठरलं होतं आणि लालबागमध्ये तोरणं बांधायला सुरुवात झाली होती. त्यांना रक्त चढवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना निरोप द्या.

मी खोलीचं दार उघडलं तर बाहेर रबर खात्याची माणसं उभी होती. पाळी सोडून आली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी एकेकाचं रक्त तपासलं. ज्यांच्या बोटातून तीन वर्षांपूर्वी पाण्यासारखा थेंब निघायचा, ती माणसं आता दुसऱ्याला रक्त देण्याइतकी धडधाकट होती. प्रत्येकाचा आकडा मी दोनदा मोजून पाहिला. ज्यांचं जुळलं त्यांत धोंडू होता. तो बाकावर आडवा झाला, डोळे उघडे ठेवून.

बाटली लावली तेव्हा मुकादमांनी विचारलं, "कुणाचं हाय?"

"धोंडूचं."

ते त्या बाटलीकडे बघत राहिले. नळीतून थेंब पडत होते, एकामागून एक. "किती हाय त्याचं आता?" मी आकडा सांगितला. त्यांनी तो परत सांगायला लावला. ओठ हलले, हसले असावेत. धोंडू पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने शेजारच्या स्टुलावरचा मुकादमांचा पेला उचलला, त्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं, आणि भरून परत ठेवला.

मुकादम त्यानंतर अकरा दिवस होते. राज्य झाल्याची मिरवणूक इस्पितळासमोरून गेली ती त्यांनी ऐकली. मग एका सकाळी ते गेले.

पावसाळा सरता सरता वहिनी माझ्याकडे आल्या. पूर्वीसारख्या फटकळपणे बोलल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी कागदात गुंडाळलेला एक शर्ट काढला. खाकी, कोपराला ठिगळ, पुढच्या बाजूला रबराचे सुकलेले ठिपके. खात्यातला.

"हा मी घरात घेऊ देत नव्हते," त्या म्हणाल्या. "गॅलरीत काढायला लावायचे. जुना एक ट्रंकेत राहिला होता, परवा सापडला. त्याला अजून तो वास हाय. तुम्ही सांगा, बाई. हा घरात ठेवला तर पोरांना काय होईल का?"

मी शर्ट हातात घेतला. नाकाजवळ नेला. बेंझॉल कधीच उडून गेलं होतं. ते इतके दिवस टिकत नाही. पत्र्याच्या ट्रंकेचा वास होता, जुन्या सुती कापडाचा होता. दुसरं काही नव्हतं. मी डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगलं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "येतोय ना?"

"येतोय," मी म्हणाले. "पण एवढ्याने काही होत नाही. ठेवा तुम्ही."

त्यांनी शर्ट परत घेतला, मांडीवर ठेवून बाह्या आत दुमडल्या, आणि कागदात नीट गुंडाळला.